मुनादीच्या पुढचं पाऊल: मेंढा गावाने माहिती कशी वाटून घेतली

आजचा भाग एका साध्या प्रश्नावर आहे. तुमच्या वार्डात किंवा गावात काय चाललंय, हे तुम्हाला कोण सांगतं? आणि कधी सांगतं?

बऱ्याच जणांचं उत्तर हातातल्या मोबाइलमध्येच असेल. नगरसेवकाचा नाहीतर ग्रामपंचायत सदस्याचा व्हॉट्सॲप ग्रुप. उद्या नळाला पाणी येणार नाही. शनिवारी आरोग्य शिबिर आहे. नालीचं काम सुरू आहे, गाडी मागच्या रस्त्याने काढा. असे मेसेज न चुकता टाकणारा सदस्य मिळाला, तर लोक त्याचं नाव घेतात आणि ते बरोबरच आहे. निवडणूक झाली की फोनच उचलत नाही, असे सदस्यही आपण पाहिलेत.

पण हे मेसेज एकदा नीट वाचून बघा. नालीचं काम सुरू झालं, हे कळलं. नाली कुठून काढायची, किती रुंद करायची, पैसे कोणत्या कामातून वळवले, हे ठरत होतं तेव्हा मेसेज आला होता का? बहुतेक वेळा नाही. खबर आली, पण निर्णय झाल्यावर आली.

आपल्याच भागातल्या एका लहानशा गावाने ही गाडी उलटी फिरवली. आधी माहिती, मग चर्चा, मग निर्णय. त्या गावाची आजची गोष्ट. गाव आहे गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा. मेंढा नावाची गावं बरीच, म्हणून शेजारच्या लेखा गावाचं नाव जोडून सगळे म्हणतात मेंढा (लेखा).

आधी मुनादी होती

थोडं मागे जाऊ. गावात खबर पोचवायची जुनी पद्धत म्हणजे दवंडी. आपल्या विदर्भात म्हणतात मुनादी. कोतवाल डफडं वाजवत गल्लीगल्लीतून फिरणार, चौकात थांबणार आणि मोठ्या आवाजात सांगणार. सारा भरा. साहेब येणार आहेत. गुरं जंगलात सोडू नका. ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं त्यांनाही खबर कळायची, ही मुनादीची ताकद.

मुनादीची मर्यादाही तिच्यातच होती. कोतवाल सांगून पुढच्या गल्लीत जायचा. त्याला थांबवून 'हे कोणी ठरवलं? का ठरवलं?' असं विचारण्यात अर्थ नव्हता. त्यालाही माहीत नसायचं. खबर वरून खाली यायची, खालून वर जायला रस्ता नव्हता.

शहरात काय होतं? १८८२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांचा प्रसिद्ध ठराव केला. लोकांनी निवडलेले सदस्य नगरपालिकेत बसावेत, कारभार शिकावा, हा त्यामागचा विचार. १८८३ मध्ये मध्य प्रांतात, म्हणजे आपला तेव्हाचा चांदा जिल्हा ज्यात होता त्या प्रांतात, स्थानिक स्वराज्याचा कायदाही झाला. इथून 'सदस्य' नावाचा माणूस आला. सरकार आणि मोहल्ला यांच्या मधला दुवा. पण एवढ्याने खबरीची दिशा बदलली नाही. कोतवालाच्या जागी सदस्य आला, डफड्याच्या जागी नोटीस बोर्ड आला.

जंगलातल्या गावांसाठी तर कारभार आणखी दूर गेला. गडचिरोली भागात जमीनदाऱ्या होत्या. स्वातंत्र्यानंतर जमीनदारी रद्द करणारा कायदा झाला, १९५१ मध्ये त्या सरकारजमा झाल्या आणि त्यांची जंगलंही सरकारकडे गेली. गावकऱ्यांना घरासाठी लाकूड, जळण, बांबू, चराई मिळायची, तिला निस्तार म्हणतात. कोणत्या गावाला काय घेता येईल याची नोंद निस्तार पत्रकात. आता विचार करा, नोंद कागदावर, कागद कचेरीत, आणि कचेरी तालुक्याला किंवा जिल्ह्याला. आपला हक्क काय आहे हेच जर माहीत नसेल, तर पावलोपावली भीती. बैलगाडीत लाकडं आहेत आणि समोरून वनरक्षक येतोय. ही लाकडं हक्काची की चोरीची? ज्याला माहीत नाही तो गपगुमान पैसे देऊन सुटका करून घेणार.

माहिती नसण्याची किंमत अशी रोज मोजावी लागते, हे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे.

मावा नाटे, मावा राज

१९८० च्या दशकात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणं बांधायची योजना होती. जंगल आणि आदिवासी गावं बुडणार होती. त्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं, त्यात बाबा आमटेही होते. धरणं मागे पडली. पण आंदोलनात गेलेल्या लोकांच्या मनात एक प्रश्न राहिला. आपल्या गावाबद्दल एवढा मोठा निर्णय होतो आणि गावालाच सगळ्यात शेवटी कळतं, हे कसं?

त्यातून गोंडीतली एक घोषणा पुढे आली. मावा नाटे, मावा राज. आपल्या गावात आपलं राज्य. मेंढ्याने ती मराठीत आणखी नेमकी केली: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.

घोषणा ऐकायला भारी आहे. पण सरकार व्हायचं म्हणजे काय करायचं? सरकारकडे फायली असतात, नकाशे असतात, कायदा माहीत असलेली माणसं असतात. शेदीडशे घरांचंही नसलेलं, गोंड वस्तीचं हे गाव. त्याने सरकार व्हायचं तर आधी माहिती गोळा करायला हवी आणि ती सगळ्यांना समजायला हवी.

इथे दोन नावं येतात. एक, गावातलेच देवाजी तोफा. दुसरे, 'वृक्षमित्र' या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल. गाव आपला कारभार कसा चालवतं, हे मोहनभाऊंना समजून घ्यायचं होतं. कायदा काय म्हणतो, सरकारी योजना काय आहे, ही बाहेरची माहिती ते गावापुढे ठेवत. निर्णय मात्र गावाचा. ही रेघ पाळणं सोपं नाही. ज्याच्याकडे माहिती असते त्याला वाटतं, निर्णयही आपणच सांगून टाकावा.

अभ्यास गट म्हणजे काय

मेंढ्याचा खरा शोध इथे आहे. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. ग्रामसभा आणि अभ्यास गट.

अभ्यास गटात निर्णय घ्यायचा नाही. फक्त समजून घ्यायचं. ज्याला त्या विषयात रस आहे त्याने बसावं, बाई असो की बुवा, शिकलेला असो की अंगठा लावणारा. गरज पडली तर बाहेरून जाणकार बोलवावा. जंगलाचा अभ्यास, मधमाशांचा अभ्यास, कायद्याचा अभ्यास. मध काढताना पूर्वी पोळं जाळलं जायचं. मधमाशांवर गट बसला तेव्हा माशी न मारता, पोळ्याचा मधाचाच भाग काढून घेण्याची रीत पुढे आली.

निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने. बहुमत नाही. दहा जण हो म्हणाले आणि एक जण नाही म्हणाला, तर विषय थांबतो. त्या एकाचं म्हणणं ऐकायचं, पुन्हा चर्चा करायची, लागलं तर पुढच्या सभेत घ्यायचं.

तुम्ही म्हणाल, असं केलं तर काम कधी होणार? प्रश्न बरोबर आहे. सर्वसहमतीला वेळ लागतो, कधी कधी खूपच लागतो. पण त्यामुळे एक गोष्ट आपोआप घडली. प्रत्येकाला विषय समजावून सांगणं गावाला भागच पडलं. बहुमताच्या पद्धतीत निम्म्यापेक्षा एक जास्त माणूस पटला की बाकीच्यांना नाही सांगितलं तरी चालतं. सर्वसहमतीत कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या आजीलाही सांगावं लागतं, कारण ती नाही म्हणू शकते. लोकांना माहिती देणं हा तिथे कोणाचा मोठेपणा उरला नाही, ती कामाची पहिली पायरी झाली.

आणि ग्रामपंचायतीचं काय? मेंढ्याची स्वतःची वेगळी ग्रामपंचायत नव्हती. पंचायत लेख्याला, तीही गट ग्रामपंचायत, त्यात मेंढा, लेखा आणि कन्हारटोला. म्हणजे कागदावर मेंढ्याचा आवाज होता पंचायतीत बसलेल्या एकदोन सदस्यांएवढा. गावाने आपली ग्रामसभा इतकी पक्की केली की पंचायतीत बसणारा माणूस गावाचा निरोप्या ठरला. निर्णय गावात, निरोप पंचायतीत. कोतवालाची दिशा आठवा. इथे ती बरोब्बर उलटी झाली.

'बांबू झाड की गवत?'

आता या अभ्यासाची खरी परीक्षा.

२००६ मध्ये संसदेने वन हक्क कायदा केला. ३१ डिसेंबर २००७ पासून तो लागू झाला आणि १ जानेवारी २००८ ला नियम आले. या कायद्यात एक मोठी गोष्ट आहे. गाव पिढ्यान्‌पिढ्या जे जंगल वापरतं, राखतं, त्यावर गावाचा सामूहिक हक्क मान्य करता येतो. पण त्यासाठी दावा करावा लागतो, हद्द दाखवावी लागते, पुरावे जोडावे लागतात आणि ग्रामसभेचा ठराव लागतो.

देशातल्या हजारो गावांना हा कायदा झाल्याचं कळलंही नाही. मेंढा तयार होतं. जंगल माहीत होतं, कागद वाचायची सवय होती, ग्रामसभा जागी होती. २००९ मध्ये मेंढ्याचा आणि त्याच जिल्ह्यातल्या मर्दा गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झाला, देशात सगळ्यात आधी. मेंढ्याच्या वाट्याला १,८०९.६१ हेक्टर जंगल.

हक्क मिळाला, पण बांबू अडला. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं सरकारी लीजवर कागद गिरणीला जात आला होता. आता गावाला आपला बांबू विकायचा होता. माल जंगलाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, ज्याला सगळे टीपी म्हणतात. वन खातं टीपी देईना. कारण? १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत २०१७ पर्यंत बांबूही धरलेला होता. झाड म्हटलं की ते लाकूड, आणि लाकडावर गावाचा हक्क नाही.

गावाने दुसरा कायदा पुढे केला. वन हक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे, तिच्यात बांबूचं नाव स्पष्ट लिहिलंय. तेंदूपान, मध, लाख यांच्याच रांगेत. म्हणजे हक्क गावाचा.

बघा, भांडण एका शब्दाच्या व्याख्येवर आलं. दोन कायदे, दोन कलमं, मध्ये एक बांबू. अशा वेळी घोषणा देऊन भागत नाही. कोणत्या कायद्यात कुठे काय लिहिलंय, हे गावातल्या माणसाला तोंडपाठ हवं. अभ्यास गटात बसून खर्च केलेल्या त्या सगळ्या संध्याकाळी इथे कामी आल्या.

मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की बांबूला गौण वनोपज माना. २७ एप्रिल २०११ ला ते स्वतः मेंढ्यात आले, सोबत मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण. टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात, देवाजी तोफांकडे देण्यात आलं. जे पुस्तक आजवर वन खात्याच्या टेबलावर असायचं, ते गावात आलं. २०१२ मध्ये केंद्राने नियमच बदलले आणि असा परवाना ग्रामसभेची समिती देऊ शकेल, असं लिहून टाकलं. मेंढ्याने अडून धरलेली गोष्ट देशभरच्या गावांच्या कामी आली.

चंद्रपूरचं पाचगाव

कोणी म्हणेल, मेंढ्याला मोहनभाऊ मिळाले, देवाजी मिळाले, ते एकच गाव आहे. तर मग चंद्रपूर जिल्ह्यात चला, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावात. २०१२ मध्ये या गावाला सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथेही ग्रामसभेने बसून स्वतःचे नियम लिहिले, बांबूची तोड आणि विक्री स्वतः हाती घेतली.

पाचगावचा एक निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. तेंदूपान म्हणजे उन्हाळ्यात हमखास हातात येणारा पैसा. पण चांगली पानं यावीत म्हणून फांद्या छाटतात, आगी लावतात, त्यात जंगलाचं आणि फळांवर जगणाऱ्या पक्ष्याप्राण्यांचं नुकसान होतं. हे सगळं तोलून गावाने तेंदूपान तोडायचं नाही असं ठरवलं आणि भर बांबूवर दिला. हा हुकूम वरून आला असता तर लोकांनी मोर्चा काढला असता. इथे तोटा कोणाचा, फायदा कशात, हे सगळ्यांपुढे आधी मांडलं गेलं. म्हणून समोरचा पैसा सोडण्याचा निर्णयही गावाला पेलला.

शहरातल्या वार्डाचं काय?

आता तुमच्यापैकी जे चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोली शहरात ऐकताय, त्यांच्याकडे येतो. चारपाचशे माणसांचं गाव एका झाडाखाली बसू शकतं. चंद्रपूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीन लाखांच्या वर होती. तिथे सर्वसहमती कुठून आणणार? हा आक्षेप खरा आहे, आणि मेंढ्याची पद्धत जशीच्या तशी वार्डात चालेल असं मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट बघा. चंद्रपूर महानगरपालिका २०११ मध्ये झाली. २०१७ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत २०२२ मध्ये संपली, आणि निवडणूक लांबल्यामुळे शहराचा कारभार बराच काळ प्रशासकाकडे राहिला. म्हणजे त्या काळात लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. एखाद्या वार्डात नगरसेवक कितीही चांगला असला, रोज मेसेज टाकणारा असला, तरी त्याची मुदत संपली की खबर देण्याची जबाबदारी कोणाचीच उरत नाही. सगळी माहिती एकाच माणसाच्या फोनमध्ये असली की त्याच्यासोबत ती जाते. मेंढ्यात तसं झालं नाही, कारण तिथे माहिती पन्नास डोक्यांत होती.

कायद्याने आपल्याला जागा दिलेल्या आहेत, आपण त्या रिकाम्या ठेवतो. महानगरपालिकांसाठी महाराष्ट्रात क्षेत्रसभेची तरतूद आहे, तिथे नगरसेवकाने मतदारांसोबत बसायचं असतं. गावात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात, त्यांची सूचना आधी द्यावी लागते, आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. पेसा कायदा १९९६ मध्ये आला, त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये. त्यानुसार आदिवासी भागातला एखादा टोला, पाडाही स्वतःला गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकतो, आपली ग्रामसभा चालवू शकतो. २००५ चा माहितीचा अधिकार तर सगळ्यांनाच आहे.

आणि आपल्या कोळशाच्या जिल्ह्यात जनसुनावणी हा शब्द सगळ्यांनी पाठच करायला हवा. मोठी खाण किंवा प्रकल्प येणार असेल तर पर्यावरण मंजुरीआधी लोकांची सुनावणी घ्यावी लागते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान तीस दिवस आधी जाहीर नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. तीस दिवस. हे तीस दिवस कशासाठी आहेत? मंडप टाकायला नाही. वाचायला आहेत. सुनावणीच्या दिवशी माइकपुढे फक्त 'आमचा विरोध आहे' म्हणणारा माणूस आणि 'तुमच्या अहवालात आमच्या नाल्याचा उल्लेखच नाही' म्हणणारा माणूस, यातल्या कोणाला उत्तर द्यावंच लागेल?

तेव्हा पुढच्या वेळी वार्डाच्या ग्रुपवर मेसेज आला की अंगठा दाखवून सोडून देऊ नका. नम्रपणे एवढंच विचारा. भाऊ, हे ठरलं कधी? अजून काय ठरायचं बाकी आहे? आणि त्याचा कागद ग्रुपवर टाकाल का? चांगला सदस्य असेल तर त्याला हा प्रश्न आवडेल, कारण एकट्याने सगळं ओझं वाहून तोही दमलेला असतो. कागद मिळाला की गल्लीतले चारपाच जण मिळून वाचा. कोणाला इंग्रजी येत असेल, कोणाला हिशेब कळत असेल, कोणाला चाळीस वर्षांपूर्वी पाणी कुठून वाहायचं हे आठवत असेल. झाला तुमचा अभ्यास गट. त्याला ना नोंदणी लागते, ना पैसा.

मोहन हिराबाई हिरालाल जानेवारी २०२५ मध्ये गेले. त्यांनी गावाला निर्णय दिले नव्हते, म्हणून त्यांच्यानंतर गावाचं काही अडत नाही. माहिती मिळवायची कशी, समजून घ्यायची कशी आणि सगळ्यांना कळेपर्यंत थांबायचं कसं, याची सवय गावात आहे.

तर आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात ग्रामसभा खरंच भरते का, की नुसत्या रजिस्टरवर सह्या होतात, ते आम्हाला जरूर कळवा. आणि हा भाग तुमच्या वार्डाच्या ग्रुपवर टाका. सदस्यसाहेबांनाही ऐकू द्या. भेटू पुढच्या भागात. राम राम, जय सेवा, जय भीम.